अक्षरांचा खाऊ आणि वाटाण्यांची भूमिती

मुलांनी मुळाक्षरे शिकायला राजी व्हावे म्हणून लाडीगोडी लावणारे शिक्षक त्यांच्या हातावर गोड खाऊ ठेवतात, असा उल्लेख होरेस या रोमन कवीने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात केला आहे. विषय भलताच चालू असताना त्याने हे उदाहरण जाता जाता दिले, यावरून ही रीत त्याच्या वाचकांच्या चांगल्या ओळखीची असणार. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी क्विंटिलियन या वक्तृत्वाच्या आचार्याने निराळी वाट सुचवली. मुलाला हस्तिदंताची अक्षरे खेळायला द्यावीत. ती हाताळण्यात, न्याहाळण्यात, त्यांची नावे घेण्यात त्याला आनंद वाटला पाहिजे, असे त्याने लिहिले. पाचव्या शतकाच्या आरंभी संत जेरोमने एका चिमुकल्या मुलीच्या शिक्षणाविषयी तिच्या वडिलांना पत्र पाठवले, तेव्हा तो पुन्हा होरेसच्या शिक्षकांकडे वळला आणि अक्षरे ओळखल्याबद्दल तिला मधाचा खाऊ द्यावा असे सुचवले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणात खाऊचा वापर कसा झाला, हे शोधत गेले की या दोन वाटा शेवटपर्यंत सोबत करतात. एकीकडे खाऊ म्हणजे शिकण्याबद्दल मिळणारी बक्षिसी. दुसरीकडे हातात घेऊन पाहायची, मोजायची, मोडायची वस्तू. माझे म्हणणे असे की पहिली वाट दर पिढीत नव्याने सापडली आणि दर वेळी कमी पडली. दुसरीला मात्र मोजक्याच लोकांनी हात घातला, पण जे हाती लागले ते टिकाऊ होते. आज बालवाडीत बिस्किटांवरून आकार आणि शेंगांवरून अंक शिकवायचे म्हणतात, त्यांनी यातली आपली वाट कोणती, हे आधी ठरवायला हवे.

मध्ययुगातल्या ज्यूंचा एक विधी या दोन्ही वाटांच्या सांध्यावर उभा आहे. बाराव्या-तेराव्या शतकात जर्मनी आणि उत्तर फ्रान्समधल्या ज्यू वस्त्यांत पाच-सहा वर्षांच्या मुलाचा विद्यारंभ शावुओत या सणाला होई. मुलाला वस्त्रात गुंडाळून घरून गुरूकडे नेत आणि गुरू त्याला मांडीवर घेई. समोरच्या पाटीवर हिब्रू मुळाक्षरे असत. गुरू ती सुलट वाचे, उलट वाचे, मूल मागोमाग म्हणे. मग पाटीवरच्या अक्षरांना मध लावला जाई आणि मूल तो जिभेने चाटून घेई. त्यानंतर धर्मग्रंथातली वचने लिहिलेली मधाची पोळी येई, सोललेल्या उकडलेल्या अंड्यावरही वचने लिहिलेली असत. ती वाचून झाली की मुलाने खायची. वर्म्सच्या एलिझार या विद्वानाने या विधीचे वर्णन करून ठेवले आहे, आणि चौदाव्या शतकातल्या एका सचित्र हस्तलिखितात त्याचे चित्रही आहे. हे सगळे फार सुंदर आहे. पण विधीची ताकद आणि रोजच्या अध्यापनाची ताकद निराळी असते. मध चाटून त्या मुलाला ‘आलेफ’ हे पहिले अक्षर ओळखता येऊ लागले, असा दावा त्या काळीही कोणी केला नसावा. विद्येची पहिली आठवण गोड असावी आणि ती सगळ्या वस्तीच्या साक्षीने व्हावी, हा विधीचा हेतू होता, आणि वर्षातल्या एका दिवसापुरता तो पुरा होत असे. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून मुलाचे बोट धरून त्यात ‘श्री’ गिरवतात, त्या अक्षरारंभाचेही तेच. असा विधी रोजची पद्धत होऊ पाहतो तेव्हा अडचण सुरू होते.

ही अडचण त्याच बाराव्या शतकात मायमोनिडीझ या ज्यू तत्त्वज्ञाने ओळखली होती. मिश्ना या ज्यू धर्मसंहितेवरच्या आपल्या भाष्यात त्याने मुलाच्या शिक्षणाचे टप्पे वर्णिले आहेत. मूल लहान असते तेव्हा गुरू म्हणतो, वाच, म्हणजे तुला अक्रोड देईन, अंजीर देईन, थोडा मध देईन. मूल वाढते, अंजिराची ओढ सरते, तेव्हा चांगल्या वहाणांचे, कपड्यांचे आमिष येते. मग पैशाचे, मग गुरुपदाचे, मानमरातबाचे. हे सगळे मायमोनिडीझला हीन वाटते. माणसाची समज कोवळी आहे म्हणून नाइलाजाने करावी लागणारी तडजोड, एवढेच स्थान तो त्याला देतो. मला यात नैतिक नापसंतीपेक्षा त्याचे निरीक्षण मोलाचे वाटते. आमिष कधी एका जागी थांबत नाही, वयाबरोबर त्याचा आकार वाढत जातो आणि शिकणे मात्र होते तिथेच, आमिषाच्या मागे, राहते.

तरी युरोपने हा प्रयोग सोडला नाही. इंग्लंडमध्ये मुलांची पहिली ‘पुस्तके’ म्हणजे मूठ असलेल्या लाकडी फळ्या असत. फळीवर मुळाक्षरांचा आणि प्रार्थनेचा कागद, आणि तो मळू नये म्हणून वर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा. या फळीची खाण्याजोगी नक्कलही निघाली. लाकडी साच्यात आल्याची गोड रोटी, म्हणजे जिंजरब्रेड, दाबून तिच्यावर अक्षरे उठवायची आणि ती जत्रेत विकायची. मॅथ्यू प्रायर या कवीने १७१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घकाव्यात अशा रोटीवरून शिकणाऱ्या मुलाचे वर्णन केले आहे. अक्षर ओळखले की खायचे, हा नियम. १७६४ मध्ये जॉन न्यूबेरी या लंडनच्या बालपुस्तकांच्या प्रकाशकाने जाइल्स जिंजरब्रेड नावाच्या मुलाची गोष्ट छापली. त्याचा बाप जिंजरब्रेडची पुस्तके भाजतो आणि मूल शिकून झालेले पुस्तक खाऊन टाकते. या सगळ्याच्या आधी, १६९३ मध्येच, जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने शिक्षणावरच्या आपल्या ग्रंथात याला उत्तर देऊन ठेवले होते. अभ्यास करावा म्हणून मुलाला सफरचंद किंवा साखरेच्या गोळ्या देणारा बाप ज्या चोचल्यांना आवर घालायचा त्यांनाच मान्यता देतो, असे त्याचे म्हणणे. लॉक खेळाच्या विरोधात मुळीच नव्हता. अक्षरे चिकटवलेल्या फाशांनी मुलांनी खेळत खेळत वाचन शिकावे, हे त्यानेच सुचवले. म्हणजे शिकणे आनंदाचे असावे हे त्याला मान्य होते. तो आनंद शिकण्याबाहेरून आणून चिकटवू नये, एवढाच त्याचा आग्रह.

अठराव्या शतकात जर्मनीतल्या डेसाऊ इथे योहान बासेडोने १७७४ मध्ये आपली सुधारक शाळा काढली, आणि खाण्याच्या अक्षरांना शाळेच्या पद्धतीत जागा मिळाली. मुलाला सकाळी काहीतरी खायला लागतेच, मग ते अक्षरांच्या आकाराचे का नसावे, हा बासेडोचा विचार. त्यासाठी भट्टीवाल्याकडून अक्षरे भाजून घ्यायची. या विचारात काटकसर आहे, मुलाविषयी मायाही आहे. तरी तो पुढे गेला नाही, आणि त्याचे कारण या इतिहासातली मुख्य गाठ आहे असे मला वाटते. ‘क’च्या आकाराचे बिस्किट आणि ‘क’चा उच्चार यांच्यात आतून काही नाते नाही. बिस्किट कितीही चघळले तरी त्यातून ‘क’ निघत नाही; अक्षर कोणीतरी सांगावेच लागते. उलट, अक्षर न ओळखताही बिस्किट तेवढेच गोड लागते. मूल हुशार असेल तर त्याला हे पहिल्याच दिवशी कळते. म्हणून खाण्याचे अक्षर फार लवकर बक्षिसाच्या जागी घसरते: आधी ओळख, मग खा. रोमन शिक्षकांपासून न्यूबेरीपर्यंत हेच झाले. अक्षर हा माणसांनी आपसांत ठरवलेला संकेत आहे, आणि संकेत खाद्यपदार्थात नसतो. आकार, संख्या, वजन, चव, पाण्याने आणि आचेने होणारा बदल या गोष्टी मात्र खाद्यपदार्थात खरोखरच असतात.

हा भेद ज्याच्या कामात स्पष्ट दिसतो तो फ्रीड्रिख फ्रबेल. १८३७ मध्ये त्याने ब्लांकेनबुर्ग या जर्मन गावात लहान मुलांची संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. मुलांच्या हातांसाठी त्याने साधने आणि उद्योग यांची मालिका बेतली. त्यात कागदाच्या घड्या, चटया विणणे, मातीकाम होते आणि वाटाण्यांचेही काम होते. वाळलेले वाटाणे रात्रभर भिजवायचे. फुगून मऊ झाले की टोकदार बारीक काड्या त्यांत खोचायच्या. दोन वाटाणे आणि एक काडी म्हणजे रेघ, तीन वाटाणे आणि तीन काड्या म्हणजे त्रिकोण. चौकोन केला तर तो बोटाच्या धक्क्याने एका अंगाला कलतो, त्रिकोण कलत नाही. मग सपाट आकारातून घन, मनोरा, घराचा सांगाडा. खरी खुबी यापुढे येते: रचना वाळत ठेवली की वाटाणा आकसतो आणि काडीला घट्ट धरतो. जो सांधा सकाळी डळमळत होता तो दुसऱ्या दिवशी पक्का झालेला असतो. यात वाटाण्याच्या जागी दुसरे काही ठेवून पाहा. मेणाच्या गोळीने सांधा होईल, पण ती पाण्याने फुगणार नाही, वाळून आवळणार नाही. वाटाणा इथे बक्षीस नाही, मुलाला भुलवायला ठेवलेला रंगीत मुलामाही नाही. जे शिकायचे ते त्याच्या अंगच्या गुणांतून येते.

याचे फळ एका अमेरिकन माणसाने स्वतः सांगितले आहे. जिओडेसिक घुमटांसाठी जगभर नावाजलेला बकमिन्स्टर फुलर १८९९ मध्ये चार वर्षांचा असताना किंडरगार्टनमध्ये होता. त्याची दृष्टी फार अधू होती आणि अजून चष्मा लागला नव्हता. वाटाणे आणि काड्या मिळाल्यावर इतर मुलांनी पाहिलेल्या घरांसारखे चौकोनी सांगाडे केले. याला घरे नीट दिसलीच नव्हती. तो हाताने चाचपत गेला, जे पक्के लागले ते ठेवत गेला, आणि त्रिकोणांची जाळी उभी राहिली. ती पाहून बाईंनी इतरांना बोलावले, असे तो सांगे. त्रिकोणांच्या त्याच जाळीवर आधारलेल्या रचनेचे पेटंट त्याला १९६१ मध्ये मिळाले. मोठेपणी सांगितलेल्या बालपणाच्या आठवणीवर किती भरवसा ठेवावा, ही शंका रास्त आहे, आणि एका फुलरवरून सगळ्या बालवाड्यांचा निष्कर्ष काढू नये हेही खरे. पण चौकोन कलतो आणि त्रिकोण कलत नाही, याला फुलरची साक्ष लागत नाही. कोणत्याही मुलाच्या बोटांना ते कळू शकते.

मारिया माँटेसरी फ्रबेलपेक्षा निराळ्या स्वभावाची. डॉक्टर, शिस्तीची, बक्षीस आणि शिक्षा दोन्हींची कडवी विरोधक. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत तिने पहिले बालगृह उघडले. तिथल्या मुलांविषयी तिने ‘बालपणाचे रहस्य’ या पुस्तकात जे लिहिले आहे ते आपल्या विषयाला थेट भिडते. पाहुणे मुलांसाठी गोड खाऊ आणत, आणि मुले तो नाकारत किंवा न खाता खिशात ठेवून देत. एकदा भूमितीच्या आकारांची बिस्किटे वाटली गेली, तर मुले ती खाण्याऐवजी निरखू लागली आणि हा गोल, हा आयत असे म्हणू लागली. दुसरी हकीकत एका मुलाच्या घरची. आई स्वयंपाक करत होती, तिने लोण्याचा तुकडा उचलला. मूल म्हणाले, हा आयत. तिने कोपरा कापला. मूल म्हणाले, आता हा त्रिकोण, आणि उरला तो समलंब चौकोन. लोणी लावलेली भाकर मात्र त्याने मागितली नाही, याचे माँटेसरीला विशेष वाटले. शंकरपाळीचा तिरका चौकोन, करंजीचे अर्धवर्तुळ, चकलीचा आतून बाहेर उलगडणारा वळसा ज्या घरात दिवाळीत एका ताटात असतात, तिथे ही हकीकत कोणालाही समजावी. इथे क्रम पाहण्याजोगा आहे. आकार त्या मुलांना आधी लाकडी साधनांवरून हाताने कळले होते. खाऊने ते शिकवले नाहीत, पण शिकलेले जगात पुन्हा भेटते, हे दाखवले. खाऊचे काम यापेक्षा मोठे असल्याचा दावा मीही करणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की माँटेसरीचा हा पुरावा तिचाच, आपल्या पद्धतीवर प्रेम करणाऱ्या बाईचा. पाहुण्यांसमोर मुले नेहमीसारखी वागत नाहीत. मान्य. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यातल्या दोन्ही वाटा प्रयोगांत तपासल्या गेल्या. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत, चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना चित्राबद्दल बक्षीस मिळेल असे आधी सांगून ते दिले. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांनी चित्रकलेला कमी वेळ दिला; बक्षीस न मिळालेल्यांची आणि ते अचानक मिळालेल्यांची आवड टिकून राहिली. १९८० मध्ये लीन बर्च आणि सहकाऱ्यांना बालवाडीतल्या मुलांत असे दिसले की जो पदार्थ बक्षीस म्हणून दिला जातो त्याची आवड वाढते. दोन्ही एकत्र वाचली तर आमिषाचा हिशेब पुरता तोट्याचा ठरतो: शिकण्याची गोडी घटते, गोडाची वाढते. दुसऱ्या वाटेसाठीही एक प्रयोग आहे. सारख्या संख्येच्या दोन रांगांपैकी एक पसरून लांब केली की लहान मुले तिच्यात जास्त आहे म्हणतात, असे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजेने दाखवले होते. १९६७ मध्ये जॅक मेलर आणि टॉमस बीवर यांनी एक रांग आखूड पण जास्त गोळ्यांची आणि दुसरी लांब पण कमी गोळ्यांची ठेवली. मातीच्या गोळ्यांऐवजी चॉकलेटच्या गोळ्या ठेवून ‘हवी ती रांग घे’ म्हटल्यावर मुलांच्या चुका कमी झाल्या. पियाजेने त्यांचा अर्थ मान्य केला नाही आणि हा वाद पुढे बराच चालला. मुलाला संख्या समजते की ते नुसता अंदाज करते, हे त्यातून पक्के ठरत नाही. एक मात्र ठरते. संख्येला मुलाच्या लेखी खरे मोल आले की ते अधिक नीट पाहते. आणि इथे चॉकलेट बरोबर उत्तराबद्दल दिलेले बक्षीस नव्हते, प्रश्नच चॉकलेटचा होता.

दुसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत वजनदार आहे. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या समाजात, आणि जिथे शेजारचे मूल उपाशी असू शकते तिथे, अन्न खेळायला द्यावे का? डाळींनी चित्रे चिकटवणे, कणकेत रंग घालून फेकून देणे, हे मलाही पटत नाही. बालशिक्षणाच्या आपल्या परंपरेनेही ते केले नाही. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या, माँटेसरी पद्धत शिकल्या, १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. सोबत अनुताई वाघ होत्या. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडीची कल्पना तिथली. महागडी साधने वारली पाड्यांवर परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, पाने, फुले, बिया मोजायला आणि लावायला घेतल्या. हा मार्ग नुसत्या काटकसरीचा नव्हता, तो त्या परिसराच्या अन्नाचा मान राखणाराही होता, असे मी समजते. पण यातून खाऊला शिकण्यात जागा नाही असा निष्कर्ष निघत नाही. अक्षरारंभाच्या ताटातले तांदूळ कोणी टाकत नाही. जे खायचेच आहे ते खाण्यापूर्वी पाहिले, मोजले, वाटले, त्याचा वास घेतला, तर अन्नाचा कण वाया जात नाही. उरते ती मर्यादा स्पष्ट आहे: पोटात जाणार असेल तेच हातात द्यावे, स्वच्छ हातात द्यावे, आणि भुकेल्या मुलाला धड्यासाठी ताटकळत ठेवू नये. आधी बरोबर सांग, मग खा, असे म्हटले की आपण पुन्हा होरेसच्या शिक्षकांच्या रांगेत जाऊन बसतो.

धोक्याचा मुद्दा थोडक्यात. चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे अडकू शकतात. फ्रबेलचे वाटाणे आणि टोकदार काड्याही तीन वर्षांच्या मुलाच्या हाती एकटे सोडण्याच्या वस्तू नाहीत. काही मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. साखरेचा प्रश्न वेगळा आहे आणि बाजारातल्या आकाराच्या बिस्किटांनी तो वाढवला आहे. पण आकार शिकायला साखर लागत नाही. भाकरीचे चार सारखे भाग, काकडीच्या गोल चकत्या, केळ्याचे अर्धे, मोड आलेल्या मटकीतला कालचा दाणा आणि आजचा दाणा, यांत शिकण्याजोगे जिंजरब्रेडपेक्षा कितीतरी अधिक आहे. मटकीला रात्रीत मोड येतो, जिंजरब्रेडला येत नाही.

हा इतिहास महाराष्ट्रात आज जिथे येऊन टेकतो ते ठिकाण म्हणजे अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, कोसबाडच्या परंपरेतले ते नाव देशभर गेले, आणि पूरक आहार व शाळापूर्व शिक्षण या दोन सेवा एका छपराखाली आल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम शिजवलेले जेवण मिळून ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने ठरवून दिली. म्हणजे बासेडोला ज्यासाठी भट्टीवाला गाठावा लागला तो पदार्थ आपल्याकडे कायद्यानेच मुलासमोर येतो. तरी कागदावर आहार एका रकान्यात आणि शिक्षण दुसऱ्या. नाश्त्याची वेळ उरकायची आणि शिकण्याची वेळ वेगळी लावायची, अशी विभागणी होते. सेविकेवर आधीच वजने, नोंदी, गृहभेटी, लसीकरणाच्या याद्यांचा भार आहे, त्यात नाश्त्यातून शिकवणे आणखी कशाला, असा आक्षेप येईल, आणि तिच्या मानधनाकडे पाहता तो कोणी हलक्यात घेऊ नये. म्हणूनच नवे साहित्य, नवे तक्ते, नवी नोंदवही न मागणारी एवढीच गोष्ट मी सुचवते. उसळ वाढण्याआधी वाट्या मुलांनी मांडायच्या, एकेका मुलासमोर एकेक. वाटी उरली किंवा मूल उरले तर का, ते त्यांनीच शोधायचे. सोमवारी भिजवलेली मटकी मंगळवारी उघडून त्यांनाच दाखवायची. उत्तर चुकले तरी वाटी भरायची, आणि तीही सगळ्यांइतकीच.